गुळाची ढेप पास आणि रंकाळा नापास, स्टॉकचा रिव्ह्यूअर नक्की बघतो काय

तुझा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांना पण कळेल. तू एका स्टॉक एजन्सीला, म्हणजे फोटो घेऊन ते जगभर वापरासाठी विकणाऱ्या कंपनीला, पहिलेच दहा फोटो पाठवलेस. तीन कोल्हापूरच्या रंकाळा तलावावरच्या सूर्यास्ताचे, दोन तालमीतल्या पैलवानांचे, एक जोतिबाच्या यात्रेतला गुलालाचा, एक मिसळीचा, एक कोल्हापुरी चपलांचा, एक फुलं विकणाऱ्या आजींचा आणि एक गुळाच्या ढेपांचा. त्यातले नऊ परत आले आणि पास झाला तो नेमका गुळाचा, जो तू नुसता दहाचा आकडा पूर्ण करायला टाकला होतास. आता तू विचारतोयस की दादा, ज्या रंकाळ्याच्या फोटोला सगळी मित्रमंडळी वा वा करतात तो नापास आणि ढेप पास, हे तपासणारे लोक, म्हणजे रिव्ह्यूअर, बघतात तरी काय.

भावा, मी स्वतः साडेतीन वर्षं हे काम केलंय. एजन्सीचं नाव सांगत नाही, पण राजारामपुरीतल्या घरात रात्री जेवण झाल्यावर बसायचो ते एक-दीड वाजेपर्यंत जगभरातून आलेले फोटो तपासत. पैसे नगावर मिळायचे, त्यामुळं एका फोटोवर फार वेळ घालवणं परवडायचंच नाही. आणि त्याच्या आधीपासून आजपर्यंत माझे स्वतःचे फोटो विकतोयच, म्हणजे नापास करणारा पण मीच आणि नापास होणारा पण मीच, दोन्ही बाजूंनी बघितलंय. म्हणून लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बस.

मार्केट यार्डात गुळाचा सौदा बघितलायस का कधी? व्यापारी ढेपेपाशी येतो, तुकडा काढतो, रंग बघतो, कण बघतो, बोटावर चोळतो, पुढं जातो. ऊस किती मायेनं लावलास, रात्री किती वाजता पाणी पाजलंस, हे तो विचारत नाही, कारण त्याला तो गूळ पुढं कुणालातरी विकायचाय आणि तिथून तक्रार येऊन चालणार नाही. रिव्ह्यूअरचं डोकं अगदी तसं चालतं. समोरचा फोटो उद्या जर्मनीतल्या एखाद्या पुस्तकाच्या कव्हरवर किंवा पुण्यातल्या बँकेच्या होर्डिंगवर गेला तर कुठं अडचण येईल, एवढंच तो शोधत असतो. छपाईत फुटेल का, कुणी कोर्टात जाईल का, शोधणाऱ्याला सापडेल का. हे तीन प्रश्न डोक्यात ठेव आणि तुझे दहाही फोटो त्यातून काढूया.

आता तपासणी होते कशी ते सांगतो. हल्ली पहिली चाळणी मशीनची असते. फाईल जेपेग आहे का, साइज पुरेशी आहे का (शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक या दोन मोठ्या एजन्स्यांना कमीत कमी ४ मेगापिक्सेल लागतात), फार ब्लर आहे का, तुझ्याच आधीच्या फोटोची कॉपी आहे का. त्यातनं पुढं आला की माणूस बघतो. आधी अख्खा फोटो स्क्रीनवर, दोन-तीन सेकंद. क्षितिज वाकडं आहे का, उजेड बरा आहे का, विषय काय आहे ते कळतंय का. मग लगेच शंभर टक्के झूम, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल म्हणजे स्क्रीनचा एक पिक्सेल. तिथं पहिल्यांदा जिथं फोकस असायला पाहिजे तिथं जायचं, मग सावलीतला काळा भाग, मग आकाश, मग चारही कडा. हे सगळं सवयीनं होतं, माऊस आपोआप तिकडं जातो. तू फोटो मोबाईलच्या स्क्रीनवर बघून पाठवलेस हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं. मोबाईलवर सगळेच फोटो शार्प दिसतात रे.

रंकाळ्यापासून सुरू करू. मला तू फुल साइज फाईल पाठवलीस हे बरं केलंस. तलावातला जुना दगडी संध्यामठ काळा, मागं भगवं आकाश, पाण्यात पडछाया, बघायला छानच आहे. आता शंभर टक्क्यावर ये. आकाशात डाव्या बाजूला वर तीन फिकट गोल डाग दिसतात बघ, ती सेन्सरवरची धूळ. तू एफ १६ ला काढलायस, एफचा आकडा मोठा म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक, आणि छिद्र जितकं बारीक तितकी धूळ जास्त उठून दिसते. घरी एकदा दुपारच्या मोकळ्या आकाशाचा एफ १६ ला फोटो काढ, किती डाग आहेत ते कळेल. मग संध्यामठाच्या कडेला आणि झाडाच्या फांद्यांना जांभळी रेघ आलीय, ती लेन्समुळं येते, रॉ फाईल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाईल) उघडताना एका टिचकीत जाते पण तू जेपेगवरच काम केलंस. आणि आकाश. तू भगवा रंग इतका ओढलास की लाल चॅनल पार जळून गेला, म्हणजे लाल रंगातले बारकावेच उरले नाहीत, ढगांचा पोत गेला, आणि वरच्या बाजूला रंग हळूहळू बदलायच्या ऐवजी पायऱ्या पायऱ्या दिसायला लागल्यात. जेपेगमध्ये रंगाच्या पायऱ्या मुळातच कमी, त्याला ताणलं की हे होणारच. छापल्यावर या पायऱ्या आणखी दिसतात, म्हणून रिव्ह्यूअर तिथंच थांबतो.

दुसरं म्हणजे तीनही फोटो चार-पाच मिनिटांच्या अंतरानं एकाच जागेवरून काढलेत. एकात सूर्य जरा वर, एकात जरा खाली. तुझ्यासाठी ते तीन वेगळे क्षण आहेत, मान्य, मी पण तिथं बसून शंभर संध्याकाळी काढल्यात. पण विकत घेणाऱ्यासाठी तो एकच फोटो आहे. 'सिमिलर' म्हणून मी असे हजारो परत पाठवलेत आणि प्रत्येक वेळी वाटायचं की त्यातला सर्वात चांगला त्या माणसानं स्वतःच निवडला असता तर दोघांचाही वेळ वाचला असता. एका जागेवरून तीन पाठवायचेच असतील तर एक आडवा, एक उभा, एक असा ज्यात एका बाजूला मोकळी जागा सोडलीय जिथं डिझायनर अक्षरं टाकू शकेल. मग तिन्हीचं काम वेगळं होतं.

आणि सूर्यास्त हा विषयच असा आहे की तो जगात प्रत्येक गावाला रोज होतो. रंकाळ्याचाच फोटो विकायचा असेल तर त्यात रंकाळा दिसू दे, कोल्हापूर दिसू दे. एखादा सकाळी लवकर घाटावर धुकं असताना काढलेला, नीट उजेडातला, ज्याला 'कोल्हापुरातला तलाव' म्हणून शोधणारा माणूस घेईल. शालिनी पॅलेस मागं लांब बारीक दिसत असेल तर सहसा अडत नाही, पण तीच इमारत फ्रेमभर घेतलीस तर मालकाची परवानगी मागतील. यावर पुढं येतो.

पैलवानांचे दोन फोटो. हे मला खरं तर सर्वात जास्त आवडले आणि ते परत आले याचं मलाही वाईट वाटलं. तांबडी माती, खिडकीतनं तिरकी उन्हं, दोघं एकमेकांच्या मानेवर हात टाकून. पण तालमीत उजेड किती असतो तुला माहितीये. तू आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची संवेदना, ६४०० ला नेलीस, शटर १/६० सेकंदाला ठेवलंस. १/६० ला पैलवान हलतो रे, तो काय फोटोसाठी उभा नाही. म्हणून हात ब्लर. मग नॉइज, म्हणजे फोटोवर दाणे, आला, तो घालवायला तू नॉइज रिडक्शन पूर्ण फिरवलंस आणि माणसाची कातडी मेणाची झाली, घामावर चिकटलेली मातीसुद्धा गेली. रिव्ह्यूअरला नॉइज चालत नाही असं सगळे म्हणतात पण ते अर्धंच खरं आहे. थोडा बारीक नॉइज सावलीत असला तर मी कधी परत पाठवला नाही. तो घालवण्याच्या नादात चोपडलेला फोटो मात्र हमखास पाठवला, कारण ती खराबी कुणालाच पुन्हा दुरुस्त करता येत नाही.

इथं एक उपाय आहे जो फार कमी लोक वापरतात. फोटो लहान करायचा. तुझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, ६००० बाय ४०००. तो ३००० बाय २००० केलास तर ६ मेगापिक्सेल होतो, म्हणजे चारच्या वरच राहतो, आणि शंभर टक्क्यावर नॉइज बराच कमी दिसतो, फोकस पण घट्ट दिसतो. लहान करणं चालतं. मोठं करणं, म्हणजे क्रॉप करून उरलेला तुकडा सॉफ्टवेअरनं फुगवून पाठवणं, ते लगेच ओळखू येतं, कडा लोण्यासारख्या होतात. पण हा उपाय फक्त नॉइजला आहे, हललेला हात त्यानं सरळ होत नाही. तालमीत पुन्हा गेलास तर शटर १/२५० च्या खाली आणू नको, मोठ्या छिद्राची, एफ १.८ किंवा २ वाली लेन्स असेल तर ती घे, आणि फोकस डोळ्यावर. लढत नसताना जोर मारताना, अंगाला माती चोळताना काढ, तेव्हा हालचाल कमी असते.

पण पैलवानांचा फोटो टेक्निकल बाजूनं एकदम फिट असता तरी परत आला असता, कारण मॉडेल रिलीज, म्हणजे फोटोतल्या माणसाची लेखी परवानगी, नाही. तू लिहिलंयस की एकाची फक्त पाठच दिसतीये, चेहरा नाही, मग रिलीज कशाला. हा गैरसमज जवळजवळ प्रत्येकाला असतो. चेहरा दिसतो का हा प्रश्नच नाहीये, तो माणूस किंवा त्याच्या ओळखीचे लोक फोटो बघून 'हा तोच' म्हणतील का, हा प्रश्न आहे. तुझ्या फोटोत त्या पैलवानाचा मुडपलेला कान शंभर टक्क्यावर स्पष्ट दिसतोय, आणि खांद्यावर नाव गोंदलंय. अरे गंगावेशीतलं शेंबडं पोरगं पण सांगेल तो कोण ते! गोंदण, जखमेची खूण, अंगावरचे खास कपडे, अगदी ठसठशीत सावली सुद्धा, यावरून माणूस ओळखू येत असेल तर सही लागते. अठराच्या खालचा पोरगा असेल तर आईवडिलांची किंवा पालकाची लागते. साक्षीदाराची पण घ्यायची.

आता ही रिलीज म्हणजे इंग्रजीतला एक कागद, त्यावर नाव, पत्ता, सही, तारीख. फोटोग्राफर लोक काय करतात, 'दादा जरा इथं सही करा' म्हणून मोकळे होतात. मी पण केलंय तसं, आणि ते मला अजून टोचतं. खूप वर्षांपूर्वी कपिलतीर्थ मार्केटात भाजी विकणाऱ्या एका मावशींचा फोटो काढला होता, हातावर हात ठेवून बसलेल्या, चेहऱ्यावर सुंदर उजेड. सही घेतली, त्यांनी विचारलं 'कशाला रे पोरा', मी म्हटलं 'फोटो परदेशात दिसणार मावशी'. त्या हसल्या. दीड-दोन वर्षांनी त्यांचा नातू माझ्याकडं आला, मोबाईलवर एक जाहिरात दाखवली, गुडघेदुखीच्या तेलाची, त्यात त्या मावशी. तो भांडला नाही, एवढंच म्हणाला की आजीला गुडघ्याचा कसलाच त्रास नाही आणि आता सगळा बाजार विचारतोय. कागदानुसार सगळं बरोबर होतं. पण मी त्यांना जाहिरात हा शब्दच सांगितला नव्हता. फोटो मी काढून टाकला एजन्सीवरून, जे विकलं गेलं ते गेलंच. तेव्हापासून मी मराठीत एका पानावर लिहून ठेवलंय, हा फोटो कोणीही विकत घेईल, जाहिरातीत वापरेल, कुठल्या आजाराच्या, कर्जाच्या, विम्याच्या, आणि मला विचारणार नाही. ते वाचून दाखवतो, मगच इंग्रजी कागद पुढं करतो. दहातली तीन माणसं नाही म्हणतात. ठीक आहे. तुझ्या फुलवाल्या आजींकडं जाशील तेव्हा एवढं कर, आणि फोटोची एक प्रिंट नेऊन दे त्यांना.

आजींच्या फोटोत नापास व्हायला रिलीज हे एकच कारण होतं, बाकी तो स्वच्छ आहे. सही आणलीस तर तो पास होईल असं मला वाटतं.

जोतिबाचा फोटो. चैत्र यात्रेत डोंगरावर हजारो माणसं, सगळा गुलाल, सासनकाठ्या. तिथं कुणाकुणाची सही घेणार? कुणाचीच नाही, आणि घ्यायची गरजही नाही, कारण हा फोटो कमर्शियलमध्ये, म्हणजे जाहिरातीला चालणाऱ्या फोटोंत, जायचाच नाही, हा एडिटोरियल. म्हणजे बातमी, लेख, पुस्तक, माहिती, यासाठी वापरायचा, साबण विकायला नाही. तू तो कमर्शियलमध्ये टाकलास म्हणून सरळ बाहेर आला. एडिटोरियलला टाकताना कॅप्शन नीट लागतं, शटरस्टॉकला त्याचा ठरलेला साचा आहे, आधी शहर, मग देश, मग तारीख, मग कोलन (:) देऊन काय चाललंय ते साध्या वाक्यात. तारीख खरी पाहिजे. आणि एडिटोरियल फोटोत काही पुसायचं नाही, काही घालायचं नाही. थोडा उजेड, थोडा क्रॉप, धुळीचा डाग, बस. तुझ्या फोटोत उजवीकडं तू एक पाण्याची बाटली पुसलीयस, शेजारचा भाग उचलून तिथं चिकटवल्याचा, क्लोनचा ठसा दिसतोय, गुलालाचा एकच डाग दोन ठिकाणी आलाय. कमर्शियलमध्ये हे खपलं नसतंच, पण एडिटोरियलमध्ये तर हा गुन्हाच धरतात, कारण तो पुरावा म्हणून वापरला जातो. २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हाचे माझे फोटो आजही अधूनमधून विकले जातात, दिसायला ते काही खास नाहीत, राखाडी आकाश आणि पाणी. पण तारीख, जागा, काय घडलं ते कॅप्शनमध्ये अचूक आहे, आणि चित्रात मी एक तारसुद्धा हलवलेली नाही. देवळांचं पण लक्षात ठेव, अंबाबाईच्या गाभाऱ्यात फोटोला बंदी आहे, तिथला चोरून काढलेला फोटो एडिटोरियललाही पाठवू नये, एजन्सीच्या नियमाच्या आधी आपलं आपल्याला कळायला पाहिजे.

इमारती आणि पुतळ्यांचं जरा गुंतागुंतीचं आहे. आपल्याकडं १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये इमारतीचा आणि सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढायला सूट आहे. मग लोक रिव्ह्यूअरशी वाद घालतात की आमच्या देशात चालतंय की. पण एजन्सी एका देशात विकत नाही, तिला जिथं जिथं ग्राहक आहे तिथला त्रास नको असतो, म्हणून ती स्वतःची कडक यादी ठेवते. आयफेल टॉवर दिवसा चालतो, रात्री चालत नाही, कारण टॉवर १८८९ चा पण त्यावरची आत्ताची रोषणाई ही वेगळी कलाकृती धरतात. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलनं २०१७ मध्ये इमारतीच्या रूपाचाच ट्रेडमार्क घेतला, त्यामुळं त्या घुमटाचा फोटो जाहिरातीसाठी द्यायला एजन्स्या कचरतात. आपल्या भिंतीवरची चित्रं, गणपती मंडळाचा देखावा, सिनेमाचं पोस्टर, हे कुणीतरी काढलेलं असतं, ते फ्रेमभर आलं की परत येणार.

मिसळ. अरे केवढा देखणा कट आहे तो, बघूनच भूक लागली. पण बाऊलच्या मागं थंड पेयाच्या बाटलीचं अर्धं लेबल, टेबलावर पडलेल्या मोबाईलच्या पाठीवरचा लोगो, आणि कोपऱ्यात कुणाचा तरी हात ज्याच्या बाहीवर तीन पट्टे. तीन पट्टे म्हणजे कंपनीची खूण, नाव लिहिलेलं नसलं तरी. लोगो शोधायला रिव्ह्यूअरचा डोळा फार तयार झालेला असतो, घड्याळाची तबकडी, शर्टचं बटन, गाडीचं चाक, स्कूटरची नंबरप्लेट, तराजूवरचं नाव. त्यात पुन्हा तू एफ १.८ ला काढलास, पुढची मटकी एकदम शार्प आणि मागचं फरसाण, कांदा, लिंबू सगळं धुक्यात. मेनूकार्डवाल्याला अख्खी मिसळ विकायची असते. एफ ५.६ ते ८, ट्रायपॉड, खिडकीचा उजेड, मागं साधं लाकूड. आणि शेजारी ब्रेड ठेवलायस हे मला फार आवडलं, कारण आपली मिसळ ब्रेडबरोबरच, जगभर मात्र मिसळ म्हणून पाव दाखवतात.

चपलांचा फोटो फक्त एका शिक्क्यामुळं गेला. आतल्या बाजूला दुकानाचं नाव ठोकलंय. बाकी फोटो उत्तम. पण याच्या निमित्तानं शीर्षक आणि कीवर्ड, म्हणजे फोटो शोधायला दिलेले शब्द, याबद्दल सांगतो, कारण तिथं लोक सर्वात आळस करतात आणि मला वाटतं विक्रीचा अर्धा खेळ तिथंच आहे. तू कीवर्डमध्ये बॉलिवूड, ताजमहाल, योगा, दिवाळी असं सगळं भरलंस. हे वाचून रिव्ह्यूअरला राग येतो, खरंच सांगतो. ज्याला ताजमहाल पाहिजे त्याच्यासमोर चपला आल्या तर तो एजन्सीला शिव्या देणार. शटरस्टॉकला ७ ते ५० कीवर्ड चालतात, अडोबीला ४९ पर्यंत, आणि अडोबीला पहिल्या दहाला जास्त वजन आहे, म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी वस्तू काय, मग कशाची, मग कुठली, मग काय भावना. बर्लिनमधल्या माणसाला कोल्हापुरी हा शब्द माहीत नसतो, तो हाताने बनवलेलं चामड्याचं पादत्राण असं शोधतो, त्याला ते इंग्रजीत सापडलं पाहिजे. आणि ज्याला माहीत आहे त्याला कोल्हापुरी पण सापडलं पाहिजे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, महाराष्ट्र आणि कर्नाटकातले मिळून आठ जिल्हे त्यात आहेत, तेव्हा मशीनवर बनलेल्या रेक्झिनच्या चपलेला ते नाव चिकटवू नको.

आता गुळावर येऊया. तुला वाटलं तसा तो फोटो सामान्य नाही. सुती कापडावर ढेप, एक तुकडा फोडून पुढं, फोडलेल्या जागी कण दिसतायत, उजेड एका बाजूनं मऊ, वरती डावीकडं मोकळी जागा. लोगो नाही, माणूस नाही, धूळ नाही, फोकस फोडलेल्या कणावर. शीर्षकात तू ब्राउन शुगर लिहिलं नाहीस, गूळ हाच शब्द इंग्रजीत नीट लिहिलास आणि उसाचा असं पण लिहिलंस. याच्यात परत पाठवायला मला काही सापडलंच नसतं. आणि हा विषय सूर्यास्तापेक्षा दुर्मिळ आहे, कारण जिथं गूळ होतो तिथला माणूसच तो असा काढू शकतो.

तेच मी सगळ्यांना सांगत असतो, आपल्या आसपास जे रोजचं आहे त्यात माल आहे. गुऱ्हाळावर जा, काहिलीतला उकळता रस, वाफ, गुळव्याचे हात, सही घेऊन. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत जा, मालकाची लेखी परवानगी घेऊन, तापलेलं लोखंड साच्यात ओततानाचे फोटो जगात सगळ्या इंजिनिअरिंग कंपन्यांना लागतात. पण तिथली एक गंमत नाही तर गंभीर गोष्ट सांगतो, कामगाराच्या पायात स्लीपर असेल, डोळ्याला गॉगल नसेल तर तो फोटो कुठलीही कंपनी घेत नाही, आणि आपणही तसा काढून त्याच्या धोक्याचं चित्र विकू नये. मालकाला सांग की बूट-हेल्मेट घालून काढतो. माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात फोटोसाठी म्हणून आणलेले गॉगल तसेच कायम वापरात राहिले, मला त्याचा विक्रीपेक्षा जास्त आनंद झाला.

एआयचं विचारलंयस तर एवढंच, आकाश बदलून, एआयनं काहीतरी भरून तो खरा फोटो म्हणून पाठवू नको. अडोबी स्टॉक एआयनं बनवलेलं घेतं पण तशी खूण करूनच, शटरस्टॉक आणि गेटी फोटोग्राफरकडून तसलं घेत नाहीत. लपवलंस आणि सापडलं तर एका फोटोवर थांबत नाही, खातंच जातं.

रिव्ह्यूअर चुकतो का? चुकतो. रात्री एक वाजता मी पण चुकलोय, एकदा मुद्दाम मंद फोकसनं काढलेला पावसाच्या काचेचा सुंदर फोटो मी ब्लर म्हणून परत पाठवला होता आणि दुसऱ्या दिवशी आठवून चुटपुट लागली. म्हणून कारण वाचून तुला खरंच पटत नसेल तर एकदा पुन्हा पाठव, पण काहीही न बदलता तोच फोटो तीन-चारदा पाठवलास तर खात्यावर शिक्का बसतो. कारण एका ओळीचं येतं याचा राग धरू नको, ते यादीतून निवडलेलं असतं, आणि बऱ्याचदा जे पहिलं दिसलं तेवढंच लिहिलेलं असतं, पुढचे दोन दोष त्यानं बघितलेलेच नसतात. अलामी या एजन्सीवर तर एक फोटो नापास झाला की अख्खी बॅच परत येते, तिथं पाठवताना कच्चा फोटो एकही घालू नको.

तर आता हे कर. चपला शिक्का झाकून पुन्हा काढ, तो सर्वात सोपा आहे. आजींची सही आण, वर लिहिलंय तसं समजावून. जोतिबाची मूळ, न पुसलेली फाईल काढ आणि तारीख घालून एडिटोरियलला पाठव. मिसळ खाऊन टाकलीच असशील, नवी घे. रंकाळ्याचे तीन सोडून दे, सकाळी सहाला ये, मी रोज घाटावर चालायला असतो. आणि पैलवानांच्या रॉ फाईल असतील तर त्या पुसू नको, पेनड्राइव्हवर घेऊन ये, दुसऱ्या फोटोत डाव्या पैलवानाचा हात मला कमी हललेला वाटतोय, तो लहान करून बघू, आणि सहीचा कागद घेऊन दोघं मिळून तालमीत जाऊ, वस्तादांना मी विचारतो.